मान वळवली की दिसतं

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून जो बांध घातलाय, त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदीला पाणी चढलं की बांधाच्या माथ्यावरून दोन धारा खाली झेपावतात. एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. धारा पडत असताना महालात उभं राहावं. समोरून पाण्याचा पांढरा पडदा सरसरत जातो, दगडाला हात लावला तर तो थरथरल्यासारखा वाटतो आणि अंग मात्र कोरडं राहतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं हे काम उभं केलं. चारशेहून जास्त पावसाळे या बांधानं पाण्याचा दाब सोसलाय.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, दसरा तोंडावर आला असताना, मी मामांना घेऊन तिथं गेलो होतो. मामा जवळच्याच एका खेड्यातले. कोरडवाहू रान, खरिपाला तूर-उडीद, रब्बीला ज्वारी. वय तेव्हा अठ्ठावन्नच्या आसपास. रानात दिवसभर राबणारा, काठीसारखा ताठ माणूस. ते कठड्याला धरून मादीकडं बघत उभे होते. बघता बघता म्हणाले, "यंदा नर बंद हाय का रं?"

नर त्यांच्या बाजूलाच धो धो कोसळत होता. दोन्ही धारांचा आवाज एकमेकांत मिसळतो, त्यामुळं आवाजावरून काही कळत नाही. मी म्हटलं, "मामा, हिकडं बघा की." त्यांनी मान वळवली. "हाय की!" म्हणाले आणि हसले. आम्ही सगळेच हसलो. नंतर खाली येऊन भजी खाल्ली, चहा घेतला आणि ती गोष्ट विसरून गेलो.

आज वाटतं, त्या क्षणी मामांनी स्वतःच्या आजाराचं अचूक लक्षण सांगितलं होतं. समोरचं लख्ख दिसत होतं आणि बाजूचं पुसलं गेलं होतं. मान वळवली की तेही दिसायचं, म्हणून त्यांना पत्ता लागला नाही आणि आम्हालाही नाही. काचबिंदू असाच येतो. दुखत नाही, खुपत नाही, पाणी येत नाही, डोळा लाल होत नाही. कडेकडेनं नजर खात येतो, आणि गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. काळा डाग दिसला असता तर माणसानं घाबरून दवाखाना गाठला असता. इथं दिसेनासं झालंय हेच दिसत नाही.

त्यानंतरची दोन वर्षं घरात खुणांवर खुणा होत्या. मामा ताटातल्या डाव्या बाजूची चटणी तशीच ठेवून उठायचे आणि "आज चटणी वाढलीच न्हाई" म्हणायचे. एसटी स्टँडवर लोकांना धडकायचे. दिवेलागणीला गोठ्यातून येताना उंबऱ्याला ठेच लागायची. मामी म्हणायची, वय झालं. शेजारी म्हणायचे, मोती आलाय. आणि आमच्या भागात मोतीबिंदूवर एकच सल्ला असतो. कच्चा हाय, पिकू दे, मग काढू. मामा एका शिबिरालाही जाऊन आले. तिथं बॅटरीनं डोळ्यात उजेड मारला, मोती अजून कच्चा आहे, सहा महिन्यांनी या, असं सांगितलं. दाब कुणी मोजला नाही. डोळ्याच्या मागची नस कुणी पाहिली नाही. ते सहा महिने मला आजही टोचतात.

शेवटी उजव्या डोळ्यानं अगदीच दिसेना झालं तेव्हा पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकला, निळा उजेड लावला, यंत्राची कांडी बुबुळाला टेकवली आणि म्हणाले, "प्रेशर चौतीस आहे." मग बुबुळातून आत बराच वेळ पाहत राहिले. "मोतीबिंदू थोडासाच आहे, काका. हा काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नस जवळजवळ सुकलीय. डाव्याची निम्मी राहिलीय. ती राखायची."

मामांनी विचारलं, "आपरेशन केलं की उजवा येतो का माघारी?"

डॉक्टरांनी मान हलवली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून दिसायला लागलेली माणसं गावोगाव आहेत, त्यामुळं डोळ्याचा कुठलाही आजार कापून बरा होतो अशी आपली समजूत झालीय. सरकारचा अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालतो आणि त्याचं मोठं बळ मोतीबिंदूवरच लागलं. ते बरोबरही होतं. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांतल्या अंधत्वाचं कारण शोधलं, तर दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचाच निघाला आणि काचबिंदूचा ५.५ टक्के. आकडा छोटा दिसतो. पण मोतीबिंदूनं गेलेली नजर पंधरा-वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेनं परत येते. या साडेपाच टक्क्यांतला एकही डोळा परत येत नाही.

आणि "पिकू दे" हा सल्ला मोतीबिंदूसाठीसुद्धा धोक्याचाच आहे. फार दिवस पिकवत ठेवलेला मोती फुगतो, आतली वाट अडवतो, किंवा गळायला लागतो आणि त्यातूनही डोळ्याचा दाब एकाएकी वाढतो. डोळा लाल होतो, डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात. घरचे पित्त समजून लिंबू-पाणी देतात. त्या एक-दोन दिवसांत नस जाऊ शकते.

सोलापूरहून परत येताना मला पुन्हा पाणीमहाल आठवला. डोळ्याच्या आतही पाणी खेळतं. अश्रू वेगळे, ते बाहेरचे. हे पाणी आत, बाहुलीच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढं येतं, पारदर्शक बुबुळाला आणि भिंगाला अन्नपाणी देतं, आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यात असलेल्या बारीक जाळीतून पाझरून एका पाटात उतरतं. तो पाट श्लेम नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८३० साली दाखवून दिला, म्हणून त्याला श्लेमचा पाट म्हणतात. तिथून पाणी रक्तात मिसळतं. मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलीटर पाणी बनतं. म्हणजे औषधाच्या बाटलीतून पडतो तेवढा एक थेंब भरायला वीस मिनिटं लागतात. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात असे पाचेक थेंब मावतात. दीड-पावणेदोन तासांत तिथलं सगळं पाणी बदलतं. दिवसरात्र, झोपेतसुद्धा.

हा जाळीचा सांडवा मोकळा असेल तोवर डोळ्यातला दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. जाळी तुंबली की पाणी येतच राहतं आणि उतरत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही जाळी वर्षानुवर्षं हळूहळू तुंबते. काहींच्या डोळ्यात कोपराच अरुंद असतो आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा पुढं सरकून सांडव्याचं तोंडच बंद करतो. तो प्रकार आशियात, आपल्याकडंही, बराच आढळतो. तिथं कधी कधी दिव्याभोवती इंद्रधनुष्याची वलयं दिसतात. कधी तेवढीच एक हाक तो आजार देतो.

दाब वाढला की सगळ्यात नाजूक जागी मार बसतो. डोळ्याच्या मागच्या भिंतीत एक चाळणी आहे. सुमारे बारा लाख धाग्यांची दृष्टीची नस त्या चाळणीच्या छिद्रांतून ओवली जाऊन मेंदूकडं जाते. चाळणी मागं दबली, वाकली, की धागे चिरडतात. एकेक करून तुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत. डॉक्टर बाहुलीतून आत पाहतात तेव्हा त्यांना ही नस वाटीसारखी खोल गेलेली दिसते. हेल्महोल्ट्झनं १८५१ साली डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र जगापुढं आणलं, तेव्हा पहिल्या पाहणाऱ्यांना ही वाटी फुगवटा वाटली होती. मग लक्षात आलं की हा खळगा आहे, दाबानं पडलेला. १८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्राफेनं त्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापून काही रुग्णांचा दाब उतरवून दाखवला. त्याआधी हा आजार म्हणजे नशीब होतं. सुश्रुतसंहितेत 'अधिमंथ' नावाचा नेत्ररोग आहे, डोळा घुसळून काढल्यासारख्या वेदनेचा. एकाएकी दाब वाढणाऱ्या काचबिंदूशी त्याचं वर्णन अनेक वैद्य जोडतात. बिनवेदनेचा प्रकार ओळखायला मात्र दाब मोजणारं आणि नस दाखवणारं यंत्रच हवं होतं. नॉर्वेच्या श्योट्झनं १९०५ मध्ये दाब मोजायचं साधं उपकरण दिलं, आणि १९५० च्या दशकात गोल्डमान यांचं उपकरण आलं. निळ्या उजेडाचं, आजही सगळे प्रमाण मानतात ते. मामांच्या डोळ्याला लागलेली कांडी तीच.

या इतिहासात आपल्याकडची माणसं आणि आपल्याकडची रुग्णालयं आहेत, हे मला फार उशिरा कळलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रशल्यक्रिया शिकवणारे मेजर हर्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटी झडप कापून पाण्याला वाट करून देणारी शस्त्रक्रिया विकसित केली. भायखळ्याच्या सर कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालयातले रुग्ण, म्हणजे गिरणगावातली आणि कोकण-देशावरून आलेली माणसं, या शस्त्रक्रियेच्या पहिल्या लाभार्थ्यांत असणार. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात कर्नल रॉबर्ट हेन्री एलियट यांनी गोल छिद्र पाडून पाणी बाहेर काढायची रीत आणली आणि ती जगभर गेली. १९६८ मध्ये इंग्लंडच्या केर्न्स यांनी सुधारलेली जी शस्त्रक्रिया आज सर्वत्र होते, तिच्या मागं ही हिंदुस्थानातली कामं आहेत. त्या सगळ्यांनी शोधलं ते एकच. बंद सांडव्याशेजारी दुसरा सांडवा.

पण शस्त्रक्रिया कितीही सुधारली तरी रुग्ण वेळेत येणार कसा? ज्याला त्रासच नाही तो दवाखान्यात का जाईल? या प्रश्नाचं उत्तर शोधायला काही केंद्रं रुग्णालयातून उठून खेड्यात गेली. मला त्या कामाचं सगळ्यात मोठं मोल वाटतं.

आमच्या नळदुर्गच्या दारावरून सोलापूर–हैदराबाद रस्ता जातो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, त्यामुळं मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठायची आमच्याकडं जुनी सवय. डोळ्यांसाठी जाणाऱ्यांच्या तोंडी नाव असतं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचं. डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ही संस्था. तिनं १९९६ ते २००० या काळात हैदराबाद शहर आणि पश्चिम गोदावरी, आदिलाबाद, महबूबनगर या जिल्ह्यांत १०,२९३ माणसांचे डोळे तपासले. आदिलाबाद तर आपल्या यवतमाळ-नांदेडला लागून. या अभ्यासातून जे दिसलं त्यावर संस्थेनं आपली पुढची बांधणी केली. खेड्यात दृष्टी केंद्र, तिथं त्याच भागातला प्रशिक्षित तरुण, त्याच्यावर तालुक्याचं छोटं रुग्णालय आणि शेवटी हैदराबादचं मोठं.

चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या अभ्यासातला एक आकडा मी वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही. तामिळनाडूच्या खेड्यांत त्यांनी चाळिशीपुढच्या ३,९३४ जणांना तपासलं. त्यात ६४ जणांना खुल्या कोपऱ्याचा काचबिंदू निघाला. त्या ६४ पैकी फक्त एकालाच आधी ठाऊक होतं. त्रेसष्ट मामा! सगळे आपापल्या रानात, दुकानात, देवळाच्या पारावर बसलेले, समोरचं नीट दिसतंय म्हणून निश्चिंत. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज अशाच पाहण्यांच्या आधारे २०१० मध्ये मांडला गेला. हैदराबाद, चेन्नई, मदुराई, वेल्लोर, कुठंही पाहणी झाली तरी चित्र तेच. बहुसंख्यांना पत्ताच नाही.

महाराष्ट्रातही असं काम झालंय. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगिया यांनी जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या डॉ. योस्ट योनास यांच्यासोबत २००६ नंतर नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ गावांत मध्य भारत नेत्र आणि वैद्यकीय अभ्यास केला. तिशीपुढची ५,८८५ माणसं होती, त्यातली ४,७११ तपासणीला आली. हे ८० टक्के गाठणं किती कठीण असतं ते खेड्यात राहिलेल्यालाच कळेल. कापसाच्या वेचणीतून, मजुरीच्या दिवसातून माणसाला उठवून आणायचं, आणि तेही ज्याला काही होत नाहीये त्याला. डोळ्याचा दाब, बुबुळाची जाडी, नसेचे फोटो, रक्तदाब, उंची, वजन, सगळं नोंदवलं. विदर्भातल्या त्या गावांत डोळ्याचा सरासरी दाब १३.६ मिलिमीटर भरला. युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत तो साधारण पंधरा-सोळा निघतो. म्हणजे तिकडच्या पुस्तकातली '२१ पर्यंत ठीक' ही रेघ आपल्या माणसावर तशीच ओढली, तर चुकायची शक्यता आहे.

चूक होते ती इथंच. दाब म्हणजेच काचबिंदू असं आपण समजतो. जपानमधल्या ताजिमी शहरात २०००-२००१ मध्ये जी पाहणी झाली, तिच्यात खुल्या कोपऱ्याच्या काचबिंदूच्या १०० पैकी ९२ रुग्णांचा दाब २१ च्या आतच होता. उलट, दाब चढा असूनही नस शाबूत असलेले लोकही असतात. मग दाबाचं काय?

योनास यांनी, आणि बीजिंगच्या संशोधकांनी त्यांच्यासोबत, यावर एक विचार मांडला आणि तो वाचताना मला बांधाची भिंत डोळ्यांपुढं आली. भिंतीवर एका बाजूनं पाणी दाबतं. पण दुसऱ्या बाजूलाही पाणी असेल तर? भिंतीला जाणवतो तो दोन्हीतला फरक. डोळ्याच्या मागच्या चाळणीच्या पलीकडं मेंदूभोवतीचं पाणी असतं, त्याचा स्वतःचा दाब असतो. तो दाब कमी असेल तर डोळ्याचा साधारण दाबही चाळणीला जड होतो. २०१० मध्ये बीजिंगच्या अभ्यासात, दाब साधारण असूनही काचबिंदू झालेल्या रुग्णांत मेंदूच्या पाण्याचा दाब कमी आढळला. हा विषय अजून पूर्ण मिटलेला नाही, डॉक्टरांत मतभेद आहेत. पण फक्त यंत्रावरचा आकडा पाहून रुग्णाला घरी पाठवू नये, नस पाहावी, एवढं त्यातून नक्की निघतं. माझं स्पष्ट मत आहे की, जिथं मोतीबिंदूचं शिबिर भरतं तिथं प्रत्येकाच्या डोळ्याचा दाब मोजलाच पाहिजे आणि नस पाहिलीच पाहिजे. आता नसेचा फोटो मोबाइल जोडलेल्या छोट्या कॅमेऱ्यानंही निघतो. तो सोलापूरला किंवा हैदराबादला बसलेल्या डॉक्टरला दाखवता येतो. बॅटरीच्या उजेडात मोती पाहून माणसाला परत पाठवण्याला आता काही सबब उरलेली नाही.

दाब उतरवल्यानं खरंच फायदा होतो का, हेही कुणीतरी सिद्ध करायला हवं होतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉ. मायकेल कास यांच्या पुढाकारानं दाब चढा पण नस चांगली अशा १,६३६ जणांना दोन गटांत विभागलं. निम्म्यांना थेंब, निम्म्यांवर फक्त लक्ष. २००२ मध्ये निकाल आला. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांत ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. बुबुळ पातळ असणाऱ्यांना धोका जास्त, हेही तिथंच उघड झालं. स्वीडनच्या माल्मोमध्ये डॉ. आंडेर्स हेइल यांनी आजार सुरू झालेल्यांवर असाच अभ्यास केला. दाब एक मिलिमीटरनं उतरला की आजार पुढं सरकण्याचा धोका दहाएक टक्क्यांनी घटतो, असं त्यातून दिसलं. एक मिलिमीटर! मामांचा दाब चौतीसवरून चौदावर आला तेव्हा मला त्या वीस मिलिमीटरांची किंमत कळली नव्हती.

तो उतरला तो रोज रात्रीच्या एका थेंबानं. लॅटानोप्रोस्ट असं त्याचं नाव. मूळचे हंगेरीचे लास्लो बितो १९५६ च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधन करू लागले. शरीरातल्या ज्या द्रव्यानं डोळ्याचा दाब वाढतो असं सगळे मानत होते, ते थोड्या मात्रेत दिलं तर दाब उतरतो, हे त्यांनी दाखवलं. १९९६ मध्ये औषध बाजारात आलं. हे औषध पाणी कमी करत नाही, पाण्याला दुसऱ्या वाटेनं निघून जायला मदत करतं. त्याचा एक गमतीशीर परिणाम म्हणजे पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. मामी एकदा मामांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "ह्या वयात पापण्या कशा काय नवरदेवावाणी झाल्या?" मामा लाजले.

पण थेंब रोज टाकावा लागतो, आणि टाकून काही बरं वाटत नाही. ताप उतरतो तसं काही जाणवत नाही. म्हणून लोक सोडतात. मामांनीही दुसऱ्या वर्षी तीन महिने सोडला होता. दिसतंय तेवढं दिसतंय, मग कशाला पैसे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या तपासणीत डाव्या डोळ्याचा एक कोपरा आणखी गेलेला निघाला. फील्ड टेस्टच्या, म्हणजे कडेची नजर तपासणाऱ्या चाचणीच्या, कागदावर काळा डाग मोठा झालेला दिसला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाटलीचीही एक अडचण. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, उघडली की सहा आठवडे बाहेर चालते. आमच्याकडं वीज जाते, फ्रिज बंद पडतो. मामी ती बाटली स्टीलच्या पेल्यात घालून माठाच्या गार मातीला टेकवून ठेवते.

ज्यांना रोजचा थेंब जमत नाही त्यांच्यासाठी लेसर आहे. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाच्या डॉ. गस गझार्ड यांच्या अभ्यासात, आधी लेसर दिलेल्या डोळ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांशांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नाही. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सोलापूरपर्यंत एसटीनं ये-जा करणाऱ्या आमच्या माणसाला, एकदा जाऊन लेसर घ्यायचा आणि मग तपासणीलाच जायचं, हे किती सोयीचं! आणि थेंब-लेसर दोन्ही पुरे पडले नाहीत तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅब कारखान्यात बनलेली पाणी वाहून नेणारी छोटी नळी-तबकडी आहे. परदेशी तबकडीच्या किमतीच्या मानानं ती कितीतरी स्वस्त. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेलं ते रुग्णालय. तिथून आज गरिबाच्या डोळ्यात बसणारा सांडवा तयार होतो.

या सगळ्या चांगल्या बातम्यांवर पाणी फिरवणारी एक गोष्ट आमच्याच बाजारपेठेत घडते. उन्हाळ्यात पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात. आई मेडिकलमध्ये जाते, "परवा दिलेलं तेच थेंब द्या" म्हणते. त्या बाटलीत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. खाज चटकन थांबते, म्हणून बाटलीमागून बाटली येते. आणि काही जणांच्या डोळ्यात हेच स्टिरॉइड जाळी तुंबवतं. महिनोन्महिने वापरलं तर बारा-पंधरा वर्षांच्या पोराची नस सुकू शकते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आणि दाब तपासल्याशिवाय असे थेंब महिनोन्महिने घालू नयेत, हे प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

नळदुर्ग परिसरात हे करायला माणसं नाहीत असंही नाही. अणदूर इथून जवळ. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं, डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी, खेड्यापाड्यातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' उभ्या केल्या. ताप, जुलाब, बाळंतपणातला धोका त्या ओळखू लागल्या. अशा बाईला चाळिशीपुढच्या माणसाला चार प्रश्न विचारायला शिकवणं अवघड नाही. घरात कुणाचा डोळा गेलाय का? दम्याची, खाजेची औषधं किती दिवस चाललीत? बाजूनं येणारं जनावर दिसतं का? शेवटचा दाब कधी मोजला? अणदूर आणि नळदुर्ग एकच खंडोबा वाटून घेतात. देव पौषात नळदुर्गच्या मैलारपूरला असतो, यात्रेला लाखांनी माणसं येतात. येळकोट करत येणाऱ्या त्या गर्दीत चाळिशीपुढचे किती असतील! दोन राहुट्या, दाब मोजायची दोन यंत्रं, नसेचे फोटो काढणारा एक कॅमेरा एवढ्यावरही सुरुवात होईल.

पहिला प्रश्न घरातल्या माणसांबद्दल विचारला, त्याला कारण आहे. नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये झालेल्या अभ्यासात, काचबिंदूच्या रुग्णांच्या भावंडांना आणि मुलांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे नऊ पट निघाला. आई मामांची सख्खी धाकटी बहीण. सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भावंडांना आणा. आम्ही आईला न्यायला दोन वर्षं घेतली. "मला तर सगळं दिसतंय," हेच तिचं उत्तर.

फील्ड टेस्टच्या खोलीत अंधार करतात. पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. मधल्या पिवळ्या ठिपक्याकडं नजर रोखून ठेवायची आणि बाजूला कुठं उजेडाचा कण चमकला की बटण दाबायचं. मान वळवायची मुभा नाही. मी बाहेरून आईच्या बटणाचा टक-टक आवाज ऐकत होतो. मध्येच बराच वेळ आवाज थांबला की पोटात गोळा यायचा. मग पुन्हा टक. आईच्या डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला सुरुवात झालेली निघाली, अगदी थोडी. दाब २४. तिला लेसर केला. त्याला आता बरीच वर्षं झाली, तो डाग तेवढाच आहे. तिचं आणि मामांचं रक्त एक, आजार एक. वेळेचा फरक दोन वर्षांचा, पाच वर्षांचा. तेवढ्यानं एकीला सुईत दोरा ओवता येतो आणि एकाला वहिवाटीच्या रस्त्यानं एकट्यानं जाता येत नाही.

मी दरवर्षी स्वतःचा दाब मोजून घेतो, नस दाखवतो. मुलाचं वय अजून लहान आहे, पण त्याच्या कागदावर घराण्याचा आजार लिहून ठेवलाय.

यंदा गौरीला गेलो तेव्हा मामांकडं राहिलो. रात्री मामी जेवणाची भांडी आवरत होती. मामा अंगणात बाजेवर आडवे झाले. माठाजवळून पेला आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटानं आधी भुवई चाचपली, मग खालची पापणी ओढली आणि बाटलीचं टोक न टेकवता थेंब सोडला. डोळा मिटला आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं, औषध घशात उतरू नये म्हणून. ओठ हलत होते. दोन मिनिटं म्हणजे दीडशेपर्यंत मोजायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. आतून मामीनं हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मोजून झाल्यावर डोळा उघडला आणि बाटली उजव्या डोळ्याकडं नेली.

मी म्हटलं, "मामा, त्या डोळ्याचं काय राहिलंय आता?"

"दिवा लावलेला कळतो त्यानं," ते म्हणाले आणि थेंब सोडला.